एजंट कुणाचा माणूस?



आजचं बोलणं घर घेणाऱ्या आणि घर विकणाऱ्या बायकांसाठी आहे, आणि तेही मधल्या माणसाबद्दल. कुणी त्याला दलाल म्हणतं, कुणी ब्रोकर, कुणी एजंट. आपल्या नागपुरात मात्र तो बहुतेक घरी ‘आपला माणूस’ म्हणूनच येतो. भाच्याचा मित्र असतो, कॉलनीतला दुकानदार असतो, किंवा मागच्या वर्षी जाऊबाईंना फ्लॅट मिळवून देणारा असतो. चहा होतो, ओळखी निघतात, आणि विचारायचं ते विचारायचं राहूनच जातं.

आम्ही काही जणी दर शनिवारी दुपारी एकत्र बसतो. आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेल्या ताई आहेत, एक वकील आहे, एक शिक्षिका आहे, बाकी आम्ही घर सांभाळणाऱ्या. कुणाला घराचे कागद समजून घ्यायचे असले की ती पिशवी घेऊन येते आणि आम्ही सगळ्या मिळून वाचतो. एवढ्या पिशव्या उघडल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. फसवणूक पुष्कळदा खोट्या कागदापासून सुरू होत नाही. हा माणूस कुणासाठी काम करतो, हे कुणी विचारलेलंच नसतं, तिथून ती सुरू होते.

म्हणून पहिला प्रश्न हाच. घर पाहायला निघण्याआधी विचारा, “भाऊ, या सौद्यात तुम्हाला पैसे कोण देणार?” फक्त आपण देणार, की समोरचाही देणार? बिल्डर देणार का? दोन्हीकडून घेणं म्हणजे लबाडीच असं नाही. नागपुरात पुष्कळ सौद्यांत दोन्ही बाजू एक-एक टक्का देतात, कुठे दोनही मागतात. पण बिल्डर ज्याला फ्लॅटमागे मोबदला देतो, तो बिल्डरची स्कीम चांगलीच सांगणार. त्याचं ऐकावं, पण तो आपला सल्लागार नाही हे मनाशी धरून ऐकावं. या साध्या प्रश्नावर जो चिडतो, “ताई, तुमचा विश्वास नाही का माझ्यावर?” असं म्हणतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

आता विकणाऱ्यांसाठी थोडं गणित. समजा आपलं घर ४० लाखांना जाऊ शकतं आणि एजंटचं कमिशन १ टक्का आहे. त्याला मिळाले ४०,००० रुपये. महिनाभर थांबून तेच घर ४२ लाखांना गेलं, तर आपल्याला २ लाख जास्त मिळतात. त्याला किती जास्त मिळतात? फक्त २,०००. मग २,००० रुपयांसाठी तो महिनाभर कशाला खपेल? त्याला आजचा सौदा परवडतो, आपल्याला उद्याचा. यात तो वाईट माणूस आहे असं नाही, त्याचा हिशेबच तसा आहे. अमेरिकेतल्या शिकागो भागात लेविट आणि सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास केला होता. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते इतरांच्या घरापेक्षा नऊ-दहा दिवस जास्त थांबतात आणि साडेतीन टक्क्यांहून थोडी जास्त किंमत मिळवतात, असं त्यांना आढळलं. आपल्या ४० लाखांच्या घरावर ही रक्कम दीड लाखाच्या आसपास जाते. म्हणून “हा गिऱ्हाईक गेला तर पुन्हा येणार नाही” असं एजंट म्हणाला, की घाई नेमकी कुणाला आहे, हे आधी पाहायचं.

याहून धोक्याची एक पद्धत आपल्याकडे चालते. एजंट म्हणतो, “काकू, तुम्हाला नेट किती पाहिजे ते सांगा. तेवढे तुमचे, वरचे माझे.” ऐकायला सोपं वाटतं. कमिशन द्यायचं नाही, झंझट नाही. पण त्या क्षणी तो आपला माणूस राहत नाही. आपली किंमत जेवढी खाली आणेल तेवढी त्याची कमाई वाढते.

नंदनवन भागातल्या एका काकूंचं असंच झालं. यजमान गेले, मुलगी पुण्याला, घर एकटीला मोठं पडत होतं. पुतण्याच्या ओळखीच्या एजंटने ३८ लाख नेट ठरवले. घर पाहायला माणसं येत, पण काकूंनी त्यांच्याशी बोललेलं एजंटला चालत नसे. “किंमतीचं माझ्यावर सोडा,” म्हणे. काकू आमच्याकडे आल्या तेव्हा कशावरही सही झालेली नव्हती, हे नशीब. आम्ही काय केलं? आणखी दोन एजंटांना घर दाखवून किंमत विचारली. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चची सोय आहे, तिथे त्याच गल्लीतल्या दोन-तीन घरांचे इंडेक्स टू काढले. इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. त्यात कुणी, कुणाकडून, किती रुपयांना घेतलं ते लिहिलेलं असतं. शेजारचं घर कितीला गेलं, हे कुणाच्या तोंडून ऐकायची गरजच उरत नाही. तेवढं एक ध्यानात ठेवा, की सरकारी रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव त्याहून वेगळा असू शकतो.

काकूंनी मग दुसऱ्या एका एजंटशी लेखी ठरवलं, की प्रत्यक्ष विक्रीच्या किंमतीवर २ टक्के, गिऱ्हाईक समोरासमोर भेटेल, आणि पैसे रजिस्ट्रीच्या दिवशी. घर विकायला पाच महिने लागले. मध्ये एक गिऱ्हाईक सुटलं, पुतण्या रुसला, पावसाळ्यात छत गळलं त्याचा खर्च झाला. शेवटी साडेएक्केचाळीस लाखांना सौदा झाला. कमिशनचे ८३,००० देऊन काकूंच्या हातात ४० लाख ६७ हजार राहिले. आधीच्या नेटपेक्षा २ लाख ६७ हजार जास्त. एकट्या बाईच्या म्हातारपणात ही रक्कम लहान नसते.

दुसरा प्रश्न नंबरचा. स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण रेरा म्हणतो, तो २०१६ चा आहे आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला मदत करणाऱ्या एजंटलाही महारेराकडे नोंदणी करावी लागते. त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात इंग्रजी ‘ए’ अक्षराने होते, प्रकल्पाच्या क्रमांकाची ‘पी’ने. महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. हे प्रमाणपत्र नाही म्हणून २०२४ मध्ये सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी स्थगित झाली होती. तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर नंबर छापला आहे एवढ्यावर समाधान मानू नका. महारेराच्या वेबसाइटवर तो टाकून आज चालू आहे का ते पाहा. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. कायद्याप्रमाणे एजंटने खोटी माहिती द्यायची नाही, हिशेबाची नोंद ठेवायची, आणि प्रकल्पाचे जे कागद पाहायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे ते तिला मिळवून द्यायचे. नोंदणी न करता धंदा केला तर रोजचे १०,००० रुपये दंड लागू शकतो, आणि तो त्या मालमत्तेच्या किंमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

इथे एक खाचखळगा आहे, तोही सांगायला हवा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा, किंवा आठपर्यंत फ्लॅटची स्कीम, यांना रेराची नोंदणी लागत नाही. आपल्या नागपुरात अशा छोट्या फ्लॅट स्कीम गल्लोगल्ली आहेत. जुनं घर एका मालकाकडून दुसऱ्याने घेतलं, तर तो सौदाही सहसा रेराच्या बाहेर राहतो. मग नंबर विचारायचा कशाला? कारण ज्याच्याकडे नंबर आहे त्याला गमवायला काहीतरी आहे. आणि नंबर नसेल, तर आपण स्वतः आणि आपल्या वकिलाने दुप्पट बघायचं, एवढं तरी कळतं.

तिसरा प्रश्न कागदांचा. एजंट घर दाखवतो. मालकी तपासणं त्याचं काम आहे असं आपण धरून चालतो, तो तसं धरत नाही. बेसा भागात प्लॉट पाहायला गेलेलं एक तरुण जोडपं आमच्याकडे आलं होतं. एजंटने मेट्रोचं सांगितलं, मिहानचं सांगितलं, समृद्धी महामार्गाचं सांगितलं, आणि “संध्याकाळपर्यंत दुसरी पार्टी बयाणा देणार आहे” हेही सांगितलं. सुनेने मंगळसूत्राच्या जोडीला साठवलेले ५१,००० रुपये त्याच दिवशी दिले, पावतीसुद्धा नाही. पुढे बँकेने कर्ज नाकारलं. मालक म्हणून जो दाखवला त्याच्याकडे विक्रीपत्रच नव्हतं, मूळ मालकाचं जुनं मुखत्यारपत्र होतं, आणि ले-आऊटला मंजुरी नव्हती. एजंट म्हणाला, “पैसे मी मालकाला दिले.” मालक म्हणाला, “मला मिळालेच नाहीत.” ५१,००० साठी दोघांमध्ये हेलपाटे घालताना त्या पोरीचे डोळे भरून येत.

मुखत्यारपत्रावरच्या या व्यवहारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे, की करारनामा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एवढ्यावर मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणी केलेलं विक्रीपत्रच लागतं.

मग नागपुरात काय काय मागायचं? शहरातलं जुनं घर असेल तर आखीव पत्रिका. ती जागा नझूलची आहे का, पट्टा कधीपर्यंतचा आहे, तेही विचारायचं. प्लॉट असेल तर सातबारा, अकृषक आदेश, आणि ले-आऊटचा मंजूर नकाशा. मंजुरी कुणाची, हे तर नागपुरात खास विचारावं लागतं. १९३६ च्या कायद्याने आलेली आपली नासुप्र आहे, महापालिका आहे, आणि शहराच्या हद्दीबाहेर एनएमआरडीए आहे. “ग्रामपंचायतीची परवानगी आहे ना ताई” असं कुणी म्हटलं, तर “एनएमआरडीएची दाखवा” असं म्हणायचं. ५७२ आणि १९०० ले-आऊट हे आकडे नागपुरात कुणाला माहीत नाहीत! गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, पण प्रत्येक प्लॉट आपोआप नियमित झाला असं नाही. ज्याला सगळे आरएल म्हणतात ते पत्र त्याच प्लॉटचं, त्याच नंबरचं आहे का, ते डोळ्यांनी पाहायचं. विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता किंवा मैदानाचं आरक्षण नाही ना, तेही विचारायचं. आणि तीस वर्षांचा सर्च आपल्या वकिलाकडून. एजंटने आणलेल्या वकिलाकडून नको.

बायकांसाठी आणखी एक कागद महत्त्वाचा. वडिलोपार्जित घर असेल तर मुलींचा हक्क. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. तरीही “बहिणींचं नंतर पाहू, आधी सौदा करून घेऊ” असं म्हणणारे एजंट भेटतात. आपण घेणाऱ्या असलो तर ते घर उद्या कोर्टात जाणार, हे ओळखा. आणि आपणच ती बहीण असलो, तर एजंटने समोर धरलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही नको. हक्क सोडायचा की नाही, हे आपण ठरवायचं. सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्रही रीतसर नोंदवावं लागतं. त्याची घाई एजंटला असते, आपल्याला नाही.

चौथा प्रश्न पैशाचा. कमिशन किती, कशावर, कधी आणि जीएसटी त्यात धरून की वेगळा, हे एका साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. नुसतं घर दाखवण्याचे पैसे नाहीत. थोडे करारनाम्याला, उरलेले रजिस्ट्रीनंतर. सौदा मोडला तर काय, तेही लिहा. बयाणा द्यायचा तो मालकाच्या खात्यावर, एजंटच्या हातात नाही. इसार म्हणून २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे समोरच्याला हसत हसत सांगा. बिल्डरकडे नवीन फ्लॅट घेत असाल, तर नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय तो १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. आणि जाहिरातीत किती ‘स्क्वेअर फूट’ लिहिलं ते सोडा, रेरा चटई क्षेत्र मोजतं. कार्पेट किती, ते विचारा.

यातच एक आनंदाची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ४५ लाखांच्या घरावर ४५,००० रुपये वाचतात. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही ही अटही २०२३ मध्ये निघाली. नवऱ्यासोबत जोडनावाने घेतलं तर मात्र ही सवलत नाही. एजंट हे आपणहून सांगतो का, हीसुद्धा त्याची एक परीक्षाच.

पाचवी गोष्ट विचारायची नाही, पाहायची आहे. आपण प्रश्न विचारला की तो उत्तर कुणाकडे पाहून देतो? पैसे आपले, घर आपलं, प्रश्न आपला, आणि तो आपल्या भावाकडे किंवा मुलाकडे पाहून बोलतो, असं आम्ही कितीदा पाहिलं आहे. असा माणूस सही घेताना मात्र बरोबर आपल्याकडे वळतो. त्याच्यापेक्षा, “ताई, हे मला माहीत नाही, विचारून सांगतो” म्हणणारा आणि दुसऱ्या दिवशी खरंच फोन करणारा एजंट हजार पटीने बरा. असे एजंट आहेत, नागपुरात पुष्कळ आहेत. चांगला एजंट कोणत्या गल्लीत पाणी येत नाही हे सांगतो, बँकेच्या आणि रजिस्ट्रीच्या खेपा वाचवतो, भांडणाच्या वेळी दोन्ही बाजूंना शांत करतो. त्याचं कमिशन द्यायला आपणही कुरकुर करू नये. घर त्याने दाखवायचं आणि मागच्या दाराने मालकाशी परस्पर जुळवायचं, हेही बरोबर नाही. त्याच्याकडून सचोटी मागायची तर आपलीही हवी.

काही बारीकसारीक गोष्टी सांगून टाकतो. घर पाहायला एकट्या जाऊ नका. मूळ कागद एजंटकडे ठेवू नका. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर आडवं लिहा, “फक्त पाहण्यासाठी”, खाली तारीख. घराची किल्ली देऊन गावाला जाऊ नका. एजंटच्या नावाने मुखत्यारपत्र तर मुळीच करू नका. त्याने आधी केलेल्या दोन-तीन सौद्यांतल्या माणसांचे नंबर मागा आणि त्यांच्या घरच्या बाईशी बोला. रजिस्ट्रीनंतर फोन उचलत होता का, एवढंच तिला विचारा.

आणि एवढं करूनही फसवणूक झाली तर? गप्प बसू नका. प्रकल्प रेरात नोंदलेला असेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिची फी ५,००० रुपये आहे. सेवेत कसूर झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन खोटं बोलला असेल तर पोलीस ठाणं आहे. पण या प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच येतो, “लेखी काय आहे?” त्या सुनेजवळ पैसे बँकेतून काढल्याची नोंद होती, पुढे ते कुणाच्या हातात गेले याचा पुरावा नव्हता. म्हणून पावती, सही, तारीख.

एजंट नात्यातला असो, ओळखीचा असो, की बोर्ड पाहून गाठलेला असो, प्रश्न तेच विचारायचे आणि त्याच आवाजात विचारायचे. ओळखीच्या माणसाला विचारायला संकोच वाटतो, हे आम्हालाही कळतं. पण आपल्या बायकांच्या आयुष्यात असा सौदा एखाद-दोनदाच होतो. भिशीचे पैसे, मोडलेले दागिने, नवऱ्याचा पीएफ, सगळं त्यात असतं. एवढं सगळं पणाला लावताना चार प्रश्न विचारले म्हणून जे नातं तुटेल, ते तसंही फार टिकणारं नव्हतं.

तर वहीत हे लिहून ठेवा. पैसे कोण देतं, नंबर चालू आहे का, कागद कुठे आहेत, लेखी काय आहे, आणि तो बोलताना कुणाकडे पाहतो. घर पाहायला जाताना ती वही पर्समध्ये असू द्या.